इटलीत गेलेला अर्धा नारळ

चूक माझीच होती. दापोड्याच्या ज्या गोदामात मी नोकरी करतो, त्याच्या परदेशी कंपनीने आमच्यातल्या दोघांना प्रशिक्षणासाठी ऑस्ट्रियाला बोलावलं. वेळापत्रक आलं, आणि मी ते घरी मोठ्याने मराठीत वाचून दाखवलं.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. त्यामुळे घरात आलेला कुठलाही कागद, मग तो विजेचं बिल असो की लग्नपत्रिका, सगळ्यांना बसवून वाचून दाखवायची मला सवय आहे. वडील तेव्हा खाटेवर सरळ होऊन बसतात. ते त्याच गोदामाच्या गेटवर वॉचमन आहेत. जिथे गोदाम उभं आहे तिथे पूर्वी आमची भातखाचरं होती, त्यामुळे ते नोकरीला जातात असं वाटतच नाही, शेतावर जाऊन येतात असंच वाटतं.

वेळापत्रकात शनिवारच्या रकान्यात डोंगरातल्या एका ‘सॅडल’ची, म्हणजे शब्दशः खोगिराची, सहल होती. ‘फिरायला नेणार आहेत’ एवढंच म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मला पडघ्याच्या शाळेतले भूगोलाचे सर आठवले. आल्प्स शिकवताना त्यांनी आम्हा सगळ्यांना मूठ वळायला लावली होती. मुठीची दोन हाडं म्हणजे दोन शिखरं, आणि त्यांच्यामधला खोलगट भाग म्हणजे खिंड. त्या दिवशी वर्गातल्या साठ मुठींत साठ आल्प्स होते. सरांचं शिकवणं वाया गेलं नाही हे दाखवायची संधी मी कशाला सोडू? मी म्हणालो, “शनिवारी आम्हाला आल्प्स पर्वतातल्या खिंडीत नेणार आहेत.”

आई सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“खिंड? वलांडायची?”

तेव्हा मला समजलं की मी काय करून बसलो.

आमच्या घरात खिंडीची एक रीत आहे. घरातलं माणूस एखाद्या खिंडीत पहिल्यांदा गेलं की तिथल्या देवाला नारळ द्यायचा. नाही दिला तर वाट गेलेलं माणूस परत देत नाही. गावामागच्या टेकडीतल्या लहानशा खिंडीत आई लग्नानंतर पहिल्यांदा गेली तेव्हा नारळ दिला होता. मी बारावीला असताना मित्रांबरोबर कसारा घाटातून नाशिकला गेलो, तेव्हा वडिलांनी एसटीच्या ड्रायव्हरला विनंती करून माझ्या हातून नारळ फोडून घेतला होता आणि माझे मित्र पुढे वर्षभर मला हसत होते.

“वेळापत्रकात ओलांडायचं लिहिलेलं नाही,” मी म्हणालो. “फक्त बघायची आहे.”

“खिंडीला पाय लागला म्हंजे लागला,” आई म्हणाली.

मग तिने नियम सांगितले आणि मी ते ऑफिसच्या डायरीत लिहून घेतले, कारण गोदामात काम करणाऱ्या माणसाला नंबर घातल्याशिवाय काही लक्षात राहत नाही. एक, नारळ घराकडे तोंड करून फोडायचा. दोन, डोळ्यांचं अर्ध देवाला, तिथेच ठेवायचं. तीन, दुसरं अर्ध प्रसाद म्हणून घरी आणायचं. चार, फोडताना एखादा तुकडा शिवेपलीकडे, म्हणजे दुसऱ्या गावच्या हद्दीत गेला तर तो पलीकडच्यांचा. घरच्या माणसाने हद्द ओलांडून तो परत आणायचा नाही.

“आनि परसाद घरात येस्तवर मी भात न्हाय खानार,” आईने शेवटी जाहीर केलं.

ही लहान गोष्ट नव्हती. आमच्याकडे दोन्ही वेळेला भात असतो आणि मधल्या वेळेला त्याचा विचार असतो. वडिलांनी सावधपणे विचारलं, “तू न्हाय खानार, पन रांधशील ना?”

“जे मी खानार न्हाय ते रांधू कशाला?”

“मग तांदलाची भाकरी तरी?”

“तांदूल दलला म्हनून तांदूल न्हाय र्‍हायला का?”

वडील माझ्याकडे असे बघायला लागले की जणू आल्प्स मीच तिथे नेऊन ठेवले होते.

माझ्याबरोबर जाणारे दुसरे गृहस्थ म्हणजे आमच्या गोदामाच्या ट्रान्सपोर्ट विभागातले मामू. त्यांना सगळेच मामू म्हणतात. भिवंडीतलं जुनं कोकणी मुसलमान घराणं, घरात पिढ्यानपिढ्या लूम, म्हणजे कापडाचे माग. लूम विकले गेले तसे ते गोदामात आले. मी नोकरीला लागलो तेव्हा बिल्टी, म्हणजे ट्रकमधल्या मालाची पावती, कशी वाचायची ते त्यांनीच शिकवलं, आणि माझा डबा विसरला की त्यांच्या डब्याचं झाकण माझं ताट व्हायचं. मला ते ‘ग्रॅज्युएट’ म्हणतात. शाबासकी द्यायची असली तरी तेच, चेष्टा करायची असली तरी तेच.

विमानतळावर पहिलं संकट आलं. माझी बॅग यंत्रातून गेली आणि बाजूला काढली गेली. वर्दीतल्या बाईंनी नारळ बाहेर काढला. तो आमच्या दारच्या माडाचा होता, आईने त्याला हळदकुंकू लावलं होतं.

“दादा, हा नाही जाणार.”

मी त्यांना खिंडीची सगळी रीत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, आणि मग नुसतं टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे आधीच सात-आठ नारळ ओळीने बसले होते, प्रत्येकाच्या कपाळाला कुंकू. आमचा त्यांच्या शेजारी ठेवताना बाईंनी त्याला हात लावून नमस्कार केला, त्यामुळे मला भांडताही आलं नाही.

“घाबरू नको, ग्रॅज्युएट,” मामू म्हणाले. “तिकडे सगळं मिळतं.”

तिकडे नारळ मिळाला, हे खरं. कंपनीच्या गोदामाजवळच्या मोठ्या दुकानात, अननसाच्या बाजूला. पण तो पूर्ण तासलेला होता, गुळगुळीत, आणि त्याच्या पोटाभोवती यंत्राने एक बारीक चीर पाडलेली होती, सहज फुटावा म्हणून. शेंडी नावालाही नव्हती. मी व्हिडिओ कॉल लावून आईला दाखवला.

“ह्याची शेंडी कुनी काढली?”

“इथं असेच मिळतात, आई.”

“बिनशेंडीचा नारल चटनीचा, देवाचा न्हाय.”

तिच्यामागून वडिलांचा चेहरा डोकावला. “आज पन चपाती,” एवढंच बोलून तो मागे गेला.

मामूंनी नारळ माझ्या हातातून घेतला. त्यांच्या खिशात कायम सुताची एक लहानशी लडी असते. कसली म्हणून विचारलं तर ‘सवय’ म्हणतात. त्यांनी पंधरा-वीस पदर एकत्र घेतले, एका टोकाला गाठ मारली, दुसरं टोक पिंजलं आणि ते सगळं पॅकिंगच्या टेपने नारळाच्या डोक्यावर बसवलं. “लूमची गाठ आहे. लूम मोडेल, गाठ सुटणार नाही.”

आईने फोन डोळ्यांजवळ नेऊन ती शेंडी तपासली. “आता कसा देवाचा दिसतो. कुनी केलं?”

“मामूंनी.”

“हात चांगला हाय त्यांचा,” आई म्हणाली. गोदामात मला बढती मिळाली होती तेव्हाही ती एवढी समाधानी दिसली नव्हती.

शनिवारी आम्हाला नेणाऱ्या बाई म्हणजे आमच्या प्रशिक्षिका. वय साठीच्या पुढे, हातात दोन काठ्या, आणि चाल शेळीची. तिकडे सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारत. मला ते जमेना, मी मॅडमच म्हणत राहिलो. गाडीने आम्ही दरीच्या शेवटच्या गावापर्यंत गेलो आणि तिथून पायवाट सुरू झाली. दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले, फाट्याफाट्यावर पिवळ्या पाट्या. पण पाटीवर अंतर नव्हतं, वेळ होती. खिंड, अडीच तास.

“अडीच तास कोणाचे?” मामूंनी विचारलं. “मॅडमचे की माझे?”

मामूंच्या पायात भिवंडीच्या बाजारातले नवे कोरे पांढरे बूट होते. पहिल्या अर्ध्या तासातच ते पांढरे राहिले नाहीत. आधी देवदारासारख्या उंच झाडांचं जंगल लागलं, मग झाडं बुटकी होत गेली आणि शेवटी नुसतं गवत उरलं. त्या गवतात गळ्यात मोठाल्या घंटा बांधलेल्या गाई चरत होत्या. शंभर देवळांत एकदम आरती चालू असावी तसा आवाज. मामू दर वळणावर थांबून म्हणत, “हीच ना खिंड?” आणि मॅडम दर वेळी हसून आणखी वर काठी दाखवत.

एका जागी अचानक शिटी ऐकू आली. मामू जागच्या जागी थांबले, हात वर केला आणि मागे वळून पाहिलं. “कोण गाडी मागे घेतंय?”

त्यांची चूक नव्हती. आमच्या यार्डात ट्रक मागे घेताना शिटी मारूनच ड्रायव्हरला वाट दाखवतात, आणि ती शिटी मामूच मारतात. इथे मात्र एका दगडावर मांजराएवढा गुबगुबीत केसाळ प्राणी दोन पायांवर उभा राहून शिट्या मारत होता. मॅडम म्हणाल्या, ती बिळात राहणारी खार आहे, माणूस दिसला की इतरांना सावध करते. मामूंनी त्याला उलट शिटी मारली. समोरून उत्तर आलं. मग पुढचा चढ त्या दोघांनी बोलत बोलत पार केला.

शेवटचा चढ संपला आणि समोर सरांची मूठ आली. दोन्ही बाजूंना दोन करडी शिखरं, मध्ये हिरवा खोलगट वाक, आणि त्यातून इतका जोराचा वारा की तोंड उघडलं तर बोलणं परत घशात जावं. सावलीच्या बाजूला जुन्या बर्फाची मळकट पट्टी होती. अशा खिंडीला तिकडे जो शब्द आहे तोच बैलांच्या मानेवरच्या जुवालाही आहे, असं मॅडमनी सांगितलं. मी पुन्हा पाहिलं. दोन बैल आणि मध्ये जू. आमचं जू अजून घरात आढ्याला टांगलेलं आहे, बैल गेले तरी वडिलांनी ते विकलेलं नाही. मी चटकन डाव्या हाताची मूठ वळून समोरच्या दृश्याशी जुळवून पाहिली. कोणी पाहत नव्हतं. सर असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो.

खिंडीच्या मधोमध गुडघ्याएवढा एक चौकोनी दगड होता. त्याच्या एका अंगाला ऑस्ट्रियाचं अक्षर, दुसऱ्या अंगाला इटलीचं.

“एवढी दोन देशांची बॉर्डर आणि एक वॉचमन नाही?” मामू धापा टाकत म्हणाले. “तुझ्या वडिलांना इथे ड्युटी लावायला पाहिजे.”

मी डायरी काढली. नियम एक, घराकडे तोंड. मॅडमच्या होकायंत्रावर आम्ही भिवंडीची दिशा काढली. ती नेमकी इटलीच्या बाजूला निघाली. सीमेच्या दगडावर नारळ फोडणं मला बरं वाटेना, म्हणून शेजारचा दुसरा दगड निवडला, बूट काढले, डोळे मिटून घरच्या सगळ्यांचं नाव घेतलं आणि नारळ आपटला.

मी तो घरच्यासारखा आपटला. घरचा नारळ तीन घावांनी फुटतो. ह्याला यंत्राने चीर पाडलेली होती हे मी विसरलो. तो पहिल्याच घावाला अगदी बरोबर मधोमध दुभंगला. शेंडीचं, डोळ्यांचं अर्ध माझ्या हातात राहिलं. दुसरं अर्ध उडालं, सीमेच्या दगडाला वळसा घालून उतारावर पडलं, कडेवर उभं राहिलं आणि चाकासारखं गडगडत निघालं. पन्नास-साठ पावलांवर बसलेल्या एका गाईजवळ ते आडवं झालं.

देवाचं अर्ध ऑस्ट्रियात होतं. आईचा भात इटलीत गेला होता.

मी एक पाऊल टाकलं आणि दगडापाशी थांबलो. नियम चार.

“जा ना,” मॅडम म्हणाल्या. “इथे कोणाची परवानगी लागत नाही.”

मी त्यांना माझ्या इंग्रजीत सांगितलं की परवानगी सरकारची नाही, आईची लागते. शीव, प्रसाद, भात, सगळं सांगितलं. त्यांनी काठ्या काखेत धरून नीट ऐकलं.

“म्हणजे हा तुकडा घरी नाही पोचला, तर तुझी आई पुन्हा कधीच भात खाणार नाही?”

“कधीच नाही. आणि वडीलही नाहीत, पण त्यांच्या मनाविरुद्ध.”

तेवढ्यात ती गाय उठली. घंटा वाजली. तिने मान खाली घालून नारळाचा वास घेतला.

“चार नंबरचा नियम कोणासाठी आहे?” मामूंनी विचारलं.

“घरच्या माणसासाठी.”

“मी तुझ्या घरचा आहे का?”

त्यांच्या डब्याच्या झाकणात मी किती वर्षं जेवलो होतो. त्या माणसाला तोंडावर ‘नाही’ कसं म्हणायचं?

“लवकर बोल, ग्रॅज्युएट. गाय बघ.”

“नाही,” मी म्हणालो आणि मान खाली घातली.

“मग झालं तर!”

सकाळपासून प्रत्येक पाऊल मोजून टाकणारा माणूस इटलीत धावत गेला. गाईने जीभ बाहेर काढली होती. मामूंनी तोंडात दोन बोटं घालून यार्डातली शिटी मारली आणि हात हलवत ओरडले, “पीछे ले! पीछे, पीछे, और पीछे! बस!”

आणि ती गाय, देवाची शपथ, चार पावलं मागे सरली. शिटी ऐकून चारी बाजूंच्या बिळांतून उत्तरं यायला लागली. मॅडम गवतावर बसून डोळे पुसत होत्या.

मामू वर आले, पण दगडाच्या पलीकडेच थांबले. तिथूनच दोन्ही हातांनी त्यांनी ते अर्ध माझ्यापुढे धरलं.

“चाटलंय का तिने?” मी विचारलं.

“कडेला. थोडंसं. गाईनेच चाटलंय. तुमच्यात चालतं ना?”

देवाचं अर्ध मी वाटसरूंनी रचलेल्या दगडांच्या ढिगाशी ठेवलं. सुताची शेंडी वाऱ्यावर फडफडत होती, पण सुटली नाही. मॅडमनी त्याला वाऱ्याचा आडोसा म्हणून दोन चपटे दगड लावले. घरी न्यायच्या अर्ध्याचं खोबरं मी काढून कागदात गुंडाळलं आणि उरलेले दिवस राहत्या जागेच्या फ्रिजमध्ये, चीजच्या शेजारी ठेवलं.

परतीच्या विमानात मला झोप लागली नाही. प्रसाद बॅगेत होता, पण तो प्रसाद आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. तो शिवेपलीकडे गेला होता, हे न सांगणं सोपं होतं. मामूंचाही तोच सल्ला होता. पण स्वतः कधी शाळा न पाहता जिने मला शिकवलं, तिला निदान खोटं तरी वाचून दाखवू नये, असं मला वाटलं.

घरी पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. आई दारात उभी होती. ती मला चांगलीच वाळलेली दिसली. वडिलांनी चुलीवर आधण ठेवलेलं होतं, तांदूळ धुऊन तयार.

मी पुडी आईच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. चिरेसकट, गाईसकट. वडील माझ्याकडे बघून हळूहळू मान हलवत होते. नाही, नाही, एवढं कशाला सांगतोस? आधणाला उकळी आली होती.

आईने पुडी दोन्ही हातांत धरली.

“तुझ्या पायानं तू गेलास?”

“नाही.”

“त्यांनी पलीकडं उभं राहून दिला, का अलीकडं येऊन?”

“पलीकडूनच. दोन्ही हातांनी.”

“मग तो पलीकडच्यांनी दिलेला झाला,” आई म्हणाली. “आपन उचलला तर चोरी. त्यांनी दिला तर मान. घ्यायचा.”

वडिलांनी तांदळाचं भांडं उचललं.

“थांबा,” आई म्हणाली. “ज्यानं दिला त्याचा पयला तुकडा. त्यांना बोलवा.”

वडिलांनी भांडं खाली ठेवलं. मामू विमानतळावरून थेट घरी, म्हणजे भिवंडीत गेले होते. मी फोन लावला. ते म्हणाले, जरा झोपतो, संध्याकाळी येतो. वडिलांनी माझ्या हातातून फोन घेतला. “भाई, झोपू नको. कुठं र्‍हातोस ते सांग. रिक्षा करू नको, अंजूरफाट्याला अडकशील. मीच येतो.” जन्मभरात घाई न केलेला माझा बाप माझी मोटरसायकल घेऊन गेला आणि पाऊण तासात मामूंना मागे बसवून आला. मामूंच्या पायात तेच बूट होते.

आईने तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. मामूंनी तो तोंडात टाकला, चावला, आणि थांबले.

“भाभी, खवट झालाय.”

“परसाद हाय,” आई म्हणाली. “गिला.”

त्यांनी गिळला. मग आम्ही सगळ्यांनी एकेक तुकडा गिळला. आईने पानं वाढली. चौथं पान मामूंचं होतं, आणि ते वडिलांच्या पानाला लागून होतं.

वडिलांचे दोन घास झाले तरी आईने भाताला हात लावला नव्हता. मग तिने एक घास कालवला, तोंडात घेतला, सावकाश खाल्ला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सकाळपासून तिच्यासमोर होतो, पण आत्ताच दारातून आत येत असल्यासारखं ती मला बघत होती.

“आलास?” ती म्हणाली. “कवा आलास, बाला?”